प्रमाणपत्र भिंतीवर, भाऊ घरात

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते.

"माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता 65 टक्के, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय. वडील नाहीत. आई आणि तो गावी असतात, दोन म्हशी आणि एक एकर रान. मी लग्न होऊन कराडला आले. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रात त्याने तीन महिन्यांचा पॅकिंगचा कोर्स केला. रोज हजेरीला अंगठा लावायचा, शेवटी फोटो झाला, प्रमाणपत्र आलं. ते आईने फ्रेम करून लावलंय. एका कारखान्यात कामाला लावलं, पण अकराव्या दिवशी 'ह्याला समजत नाही' म्हणून परत पाठवलं. केंद्रात विचारायला गेलो तर कुलूप. सरकारचा पुढचा हप्ताच आला नाही म्हणे. आता तो घरात बसून असतो, चिडतो. पहाटे उठून डेअरीत दूध तेवढं घालून येतो, बाकी काही नाही. गावात एक माणूस येतो. म्हणतो, 12 हजार द्या, दिव्यांग महामंडळाचे 3 लाख काढून देतो, परत करावे लागत नाहीत. आई म्हणते, नोकरी नको न् कर्ज नको, निराधारची पेन्शन बंद पडेल. सरकार दिव्यांगांच्या रोजगारासाठी पैसा देतं असं ऐकतो, तो जातो कुठे? आणि आईनंतर ह्याचं काय?"

ताई, आधी त्या माणसाचं बोलू, कारण तो पुन्हा दारात येणार आहे. त्याला एक रुपयाही देऊ नका आणि भावाच्या कागदांची झेरॉक्सही देऊ नका. आधीच दिली असेल तर कुठे अर्ज झालाय का, ते बँकेत आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जाऊन विचारून या.

महामंडळ खरं आहे. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे, आणि त्याच्यामागे केंद्राचं राष्ट्रीय महामंडळ आहे, 1997 साली स्थापन झालेलं. पण तिथून मिळतं ते कर्ज. व्याज बाजारापेक्षा कमी असतं, हप्ते मात्र भरावेच लागतात. जिथे थोडी रक्कम खरोखर परत करावी लागत नाही ती योजना वेगळी. तिला बीज भांडवल म्हणतात आणि ती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणकडे असते. दीड लाखापर्यंतचा धंदा, त्यातले 80 टक्के बँकेचं कर्ज आणि 20 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 30 हजार, अनुदान. म्हणजे दीड लाखात 1 लाख 20 हजार डोक्यावर राहतात. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात अनुदान मोठं आहे. ग्रामीण भागातल्या दिव्यांगाला 35 टक्के मिळतं आणि स्वतःचे फक्त 5 टक्के घालावे लागतात. पण ते अनुदानसुद्धा तीन वर्षं बँकेतच अडकवून ठेवतात. धंदा चालला तरच ते कर्जातून वळतं होतं. तो माणूस या तिन्हींची खिचडी करून तुम्हाला सांगतोय. पैसे सुटले तर कर्ज भावाच्या नावावर, जामीन तुमचा किंवा मामाचा, आणि 12 हजार त्याचे. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ उकळणाऱ्याला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. हे त्याला शांतपणे सांगा. बहुतेकदा एवढं पुरतं.

आता तुमचा मोठा प्रश्न, पैसा जातो कुठे. तुम्ही रागाने विचारला आहे आणि तो राग योग्य आहे. मी पंचवीस वर्षं या कामात घालवली, त्यातली बरीच कर्मशाळांमध्ये, म्हणजे दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या शाळांमध्ये. तेव्हा मला जे दिसलं ते सांगते.

दिव्यांगांच्या रोजगाराचा सरकारी पैसा बहुतेक वेळा माणसाच्या मागे चालत नाही, तुकडीच्या मागे चालतो. तुमचा भाऊ ज्या केंद्रात गेला तशा केंद्रांसाठी केंद्र सरकारने मार्च 2015 मध्ये दिव्यांगांच्या कौशल्य विकासाची राष्ट्रीय कृती योजना आणली. वय 15 ते 59 आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्व ही अट. सगळ्याच सरकारी कौशल्य प्रशिक्षणासाठी त्याच वर्षी सामाईक निकष ठरले. त्यात संस्थेला पैसे तीन टप्प्यांत मिळतात: तुकडी सुरू झाली की 30 टक्के, मुलं परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळालं की 50 टक्के, आणि नोकरी लागून टिकली की उरलेले 20 टक्के. हे वाचताना तुमच्या भावाचे तीन महिने आठवा. अंगठा पहिल्या हप्त्यासाठी होता, फोटो आणि प्रमाणपत्र दुसऱ्यासाठी. तिथपर्यंत 80 टक्के झाले. सगळ्यात अवघड काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्याच्यासाठी उरतात 20 टक्के, तेही काम फत्ते झाल्यावर. तोवरचा खर्च संस्थेने आपल्या खिशातून करायचा. ज्यांच्यामागे देणगीदार नाहीत, त्या संस्था तिथेच हात टेकतात.

म्हणून केंद्राला कुलूप लागलं याचा सगळा दोष चालकाला देऊ नका. काही लोक खरोखर फसवतात, तेही मी पाहिलंय. पण चांगली माणसंसुद्धा या हप्त्यांच्या फेऱ्यात कर्जबाजारी झालेली पाहिली आहेत. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने मुलांच्या एसटीच्या पासासाठी स्वतःच्या बांगड्या गहाण टाकल्या होत्या. त्यात वरून येणारा प्रवाहही आटतो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा राबवण्यासाठी केंद्राची जी मुख्य योजना आहे, ज्यातून या प्रशिक्षणाचाही खर्च निघतो, तिची तरतूद 2022-23 मध्ये 240 कोटी होती, ती 2023-24 मध्ये 150 कोटी झाली. सबंध देशासाठी. 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग मोजले गेले होते.

कायद्यात शब्द चांगले आहेत, अगदी तुमच्या भावासाठीच लिहिल्यासारखे. 19 वं कलम म्हणतं की बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी खास प्रशिक्षण हवं आणि त्याचा बाजाराशी जिवंत दुवा हवा. दुवा म्हणजे माणूस. कारखान्यात अकरा दिवस तुमच्या भावाच्या शेजारी उभा राहील असा माणूस. त्या माणसाचा पगार मात्र कुठल्याच हप्त्यात बसवलेला नाही.

त्या माणसाने काय होतं, ते सांगते. आमच्या कर्मशाळेतला एक मुलगा राजगिऱ्याचे लाडू करणाऱ्या घरगुती उद्योगात पाकिटं भरायला लागला. पाकिटात वीस लाडू. त्याला वीसपर्यंत मोजता यायचं नाही. कधी सतरा भरायचा, कधी तेवीस. मालकीणबाई चार दिवस गप्प राहिल्या, पाचव्या दिवशी म्हणाल्या, ताई, घेऊन जा याला. मी दोन दिवस मागून घेतले आणि त्याच्याशेजारी पाटावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या दुकानातून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला. तीस खळग्यांचा होता, कात्रीने कापून वीस ठेवले. प्रत्येक खळग्यात एक लाडू, ट्रे भरला की पाकिटात ओतायचा. मोजायची गरजच संपली. पुढे सहा आठवडे मी आधी रोज, मग एक दिवसाआड, मग आठवड्याला जात राहिले. एकदा त्याने भांडण केलं, एकदा न सांगता घरी निघून गेला. दोन्ही वेळा बोलून मिटलं. तो तिथे नऊ वर्षं टिकला. या सगळ्यात खर्च काय झाला? पुठ्ठ्याचा ट्रे आणि माझा वेळ. शिलाई मशीन लागलं नाही, संगणक लागला नाही, नवी इमारत तर नाहीच. त्या सहा आठवड्यांच्या माझ्या पगाराचं बिल मात्र कुठल्या शीर्षाखाली टाकायचं, हे आमच्या लेखापालाला शेवटपर्यंत सापडलं नाही. अमेरिकेत 1986 च्या कायदादुरुस्तीपासून नोकरीच्या जागी अशी सोबत देण्यासाठी वेगळा सरकारी पैसा आहे. आपल्याकडे मिळतो तो वर्गातल्या तासांसाठी.

मालकांसाठीसुद्धा योजना आहेत, पण त्यांचीही तीच गत. 2008 पासून केंद्राची एक योजना आहे: खासगी कंपनीने दिव्यांगाला नोकरी दिली तर त्याच्या भविष्यनिर्वाह निधीतला आणि ईएसआयमधला, म्हणजे कामगार विम्यातला, मालकाचा वाटा पहिली काही वर्षं सरकार भरेल. ऐकायला छान. पण भविष्यनिर्वाह निधी लागू होतो वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे, आणि ईएसआय साधारण दहा किंवा जास्त असतील तिथे. तुमच्या गावातलं किराणा दुकान, पिठाची गिरणी, रोपवाटिका यांच्यापर्यंत ती पोचूच शकत नाही. आणि तुमच्या भावासारख्यांना काम मिळण्याची शक्यता तिथेच जास्त असते, कारण तिथे त्याला लहानपणापासून ओळखतात.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. तुम्ही ती ओलांडून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. "पहाटे उठून डेअरीत दूध तेवढं घालून येतो, बाकी काही नाही."

ताई, तुमचा भाऊ रोज पहाटे उठतो. गाडी यायच्या आत पोचतो. कॅन सांडत नाही. रांगेत उभा राहतो, फॅट लागेपर्यंत थांबतो, नोंद करून घेतो, घरी येतो. हे सगळं एकटा करतो, आणि पावसाळ्यातही करत असेल, कारण म्हशी सुट्टी घेत नाहीत. ज्या कारखान्याने त्याला अकराव्या दिवशी परत पाठवलं, तिथे कोणी त्याला विचारलं का की तुला काय येतं? त्या केंद्राने पॅकिंग निवडलं, कारण तो अभ्यासक्रम यादीत होता आणि तुकडी भरायची होती. त्याच्या आयुष्याशी त्याचा संबंध नव्हता.

डेअरीच्या दूध संकलन केंद्रावर कामं काय असतात? कॅन धुणं, पालथे घालणं, गाडीत चढवणं, ओटा धुणं, नमुन्याच्या बाटल्या जागेवर ठेवणं. सगळी रोज त्याच क्रमाने, त्याच वेळेला. ज्याला बदल झाला की गोंधळायला होतं आणि नेम पाळायला आवडतं, त्याच्यासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. डेअरीच्या चेअरमनकडे तुम्ही आणि आईने मिळून जावं. 'नोकरी द्या' म्हणू नका. 'दोन महिने सकाळच्या पाळीला कॅन धुवायला घ्या, आमच्यातलं कोणीतरी रोज सोबत राहील, जमलं तर पगार ठरवू, आणि या दोन महिन्यांचेही तासाप्रमाणे पैसे द्या' असं म्हणा. तो पैशाचा भाग सोडू नका. कमी तासांना कमी पैसे, हे चालेल. पूर्ण काम करून घेऊन चहा-बिस्किटावर बोळवण, हे नाही. ओळखीच्या जागी हे फार सहज होतं आणि घरचेही भिडेपोटी गप्प बसतात.

सोबत कोण राहणार? तुम्ही कराडहून रोज येऊ शकणार नाही. चुलतभाऊ, शेजारचा बारावी झालेला पोरगा, अंगणवाडीतल्या एखाद्या ताई, कोणीही चालेल, पण एकच माणूस हवा आणि त्याला थोडे पैसे द्यायला हवेत. नुसत्या उपकारावर दोन महिने कोणी पहाटे उठत नाही.

हे पैसे ग्रामपंचायतीकडे मागा. प्रत्येक ग्रामपंचायतीने, जिल्हा परिषदेने आणि नगरपालिकेने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा महाराष्ट्रात नियम आहे. पूर्वी ते 3 टक्के होते. गावाची घरपट्टी-पाणीपट्टी धरून स्वतःचं उत्पन्न सहा लाख असेल तर 30 हजार झाले. बहुतेक गावांत ही रक्कम दिवाळीला सगळ्या दिव्यांगांत सारखी वाटून टाकतात, हजार-बाराशे प्रत्येकी, आणि वही बंद करतात. मला ते पटत नाही. गरज सारखी नसते, तर वाटप सारखं का? आईच्या सहीने अर्ज द्या, साध्या शब्दांत: माझ्या मुलाला दूध संकलन केंद्रावर काम शिकवण्यासाठी दोन महिने सोबत करणाऱ्याचं मानधन, तसेच गमबूट आणि रबरी हातमोजे, यांसाठी दिव्यांगांच्या 5 टक्के निधीतून मदत मिळावी. पोच घ्या. ग्रामसेवक म्हणतील, मानधन बसत नाही, वस्तू देतो. मग वस्तू घ्या, आणि मानधनाचा विषय ग्रामसभेत लेखी मांडा. मागच्या तीन वर्षांत या निधीत किती जमा आणि कशावर खर्च, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पाठवता येते.

आता आईची भीती. ती बरोबर आहे, तिला अडाणी समजू नका. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला 2500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत असावं लागतं. भावाला डेअरीत महिना 4 हजार मिळाले तर वर्षाचे झाले 48 हजार. त्यात दुधाचा आणि रानाचा पैसा मिळवला की मर्यादा ओलांडलीच. 48 हजार मिळवायला जाऊन 30 हजारांची हक्काची पेन्शन जाते, आणि डेअरीने उद्या काढलं तर दोन्हीही जातात. सरकार एका हाताने रोजगाराला पैसा देतं आणि दुसऱ्या हाताने रोजगार लागल्याची शिक्षा देतं, हे मला वर्षानुवर्षं छळत आलंय. निदान पहिली दोन वर्षं पेन्शन चालू ठेवायला हवी. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचा नोकरीतला पाय तेवढ्या काळातच स्थिर होतो. तोवर तुम्ही एवढं करा: पहिले दोन-तीन महिने थोड्या तासांचंच काम घ्या, तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर आज कोणता आकडा आहे तो काढून बघा, आणि पूर्ण वेळेचा निर्णय आईसमोर कागदावर बेरीज करून घ्या. उत्पन्न लपवू नका. पुढे वसुली निघाली तर ती आईच्या दारात येते. आणि हिशेब करून तुम्ही पेन्शन ठेवून सकाळचे दोनच तास काम करायचं ठरवलंत, तर तेही चांगलंच काम आहे.

दोन म्हशींच्या चार करायच्या झाल्या, म्हणजे धंदाच वाढवायचा झाला, तर तो वर्षभराने बघा. तेव्हा बीज भांडवलाचा अर्ज समाजकल्याण विभागात स्वतः जाऊन करा. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. एसटीत भावाला 75 टक्के सवलत आहे आणि 65 टक्क्यांचं दिव्यांगत्व असल्याने सोबत जाणाऱ्यालाही 50 टक्के, हे जिल्ह्याच्या फेऱ्यांना उपयोगी पडेल.

आईनंतर काय, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत विचारलंय. पण पत्र लिहायला बसलात ते त्यासाठीच, असं मला वाटलं. कागदाचा भाग सोपा आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती असते. तिच्याकडे अर्ज करून तुम्ही भावाच्या कायदेशीर पालक होऊ शकता. आई आहे तोवर तिच्यासोबत हे करून ठेवा. आई गेल्यावर भावकीत रानाचा विषय निघाला की फार अवघड होतं. त्याच न्यासाची निरामय ही आरोग्य विम्याची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, तीही घ्या. कागदापलीकडचा भाग म्हणजे गावात त्याला ओळखणारी, त्याची वाट पाहणारी माणसं. तो एखाद्या सकाळी आला नाही तर 'आज कुठंय रे तो' म्हणून घरी कोणीतरी डोकावेल, अशी जागा त्याला हवी. डेअरी तशी जागा होऊ शकते. म्हणून पगार किती यापेक्षा तो रोज तिथे असणं मला मोठं वाटतं. तुम्ही लग्न होऊन गेलात म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. सगळं एकटीने उचलायचं नाही, वाटून द्यायचं आहे.

पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा एक दिवस पहाटे त्याच्याबरोबर डेअरीत जा. मदत करू नका, फक्त बघा. कुठे तो पटकन करतो, कुठे थांबतो, कोणाशी बोलतो, कशाने घाबरतो, सगळं वहीत लिहा. चेअरमनकडे जाताना ती वही बरोबर न्या, आणि एक प्रत मला पाठवा. कुठे अंड्यांच्या ट्रेसारखं काही करता येईल का, ते आपण मिळून शोधू.